अरेंजर कीबोर्डच्या स्टाइल आणि गाण्यांच्या फायली

अरेंजर कीबोर्डच्या स्टाइल आणि गाण्यांच्या फायली म्हणजे अरेंजर कीबोर्ड या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ताल, बेस व स्वरसमूहांची साथ आपोआप वाजविण्यासाठी तयार केलेल्या संगणकीय फायली होत. स्टाइल ही एखाद्या ठेक्याची पुन्हापुन्हा वाजणारी साथ असते. गाण्याची फाइल ही एका विशिष्ट गाण्याची आरंभापासून शेवटपर्यंतची साथ असते. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळे, लग्नसमारंभ, गणेशोत्सव, जयंती-उत्सव आणि शाळांची स्नेहसंमेलने यांत अशा फायलींचा वापर होतो. काही फायली वाद्याबरोबरच येतात, काही वादक स्वतः तयार करतो आणि बऱ्याच फायली विकत घेतल्या जातात.

या दोन्ही प्रकारच्या फायलींमध्ये प्रत्यक्ष ध्वनी साठविलेला नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि कोणत्या वाद्याच्या आवाजात वाजवायचा, याच्या सूचना त्यांत असतात. आवाज कीबोर्डने स्वतःच्या संग्रहातून पुरवायचा असतो. त्यामुळे एकच फाइल दोन कीबोर्डांवर वेगवेगळी ऐकू येते. खरेदीतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

संज्ञा

मराठी बोलीत कोणत्याही कंपनीच्या लहान कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणण्याची पद्धत आहे. कॅसिओ या जपानी कंपनीची घरगुती वाद्ये प्रथम सर्वदूर पोचल्याने हे विशेषनाम सामान्यनाम झाले. वादकांमध्ये स्टाइलला ‘रिदम’ असेही म्हणतात. काटेकोर अर्थाने मात्र रिदम हा स्टाइलचा केवळ तालवाद्यांचा भाग होय. निरनिराळ्या वाद्यांच्या आवाजांना ‘टोन’ म्हणतात. गायकाचा आवाज वगळून केलेल्या ध्वनिमुद्रणाला ‘ट्रॅक’, ‘कराओके’ किंवा ‘मायनस वन’ अशी नावे आहेत. ट्रॅक हे ध्वनिमुद्रण असल्याने ते मोबाइलसह कोणत्याही साधनावर सारखेच वाजते. चार मिनिटांच्या गाण्याची मिडी फाइल सामान्यतः १०० किलोबाइटच्या आत मावते, तर तेवढ्याच लांबीचा एमपी३ ट्रॅक सुमारे ४ मेगाबाइट किंवा त्याहून मोठा असतो.

इतिहास

स्वयंचलित तालाची कल्पना कीबोर्डपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ हे तालयंत्र बाजारात आणले. जपानमध्ये १९६३ साली ‘डोंका-मॅटिक’ हे यंत्र तयार झाले. ते बनविणारी कंपनी पुढे कॉर्ग या नावाने प्रसिद्ध झाली. इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीचे ‘रिदम एस एफआर-१’ हे यंत्र १९६७ मधील आहे. काकेहाशी यांनी नंतर रोलंड कंपनी स्थापन केली. अशी तालयंत्रे घरगुती ऑर्गनमध्ये बसविली जाऊ लागली आणि डाव्या हाताने धरलेल्या स्वरसमूहानुसार बेस व साथ बदलण्याची सोय त्यांना जोडली गेली. कॅसिओचा ‘कॅसिओटोन २०१’ हा कीबोर्ड १९८० साली आला.

१९८३ मध्ये ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ म्हणजे मिडी हे मानक प्रचारात आले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याची ही समान भाषा होती. काकेहाशी आणि अमेरिकी वाद्यनिर्माते डेव्ह स्मिथ यांना या कार्याबद्दल २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. गाणी साठविण्यासाठीचे प्रमाणित मिडी फाइलचे स्वरूप १९८८ मध्ये निश्चित झाले. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ हे मानक आले व त्याने १२८ आवाजांची क्रमवार यादी ठरवून दिली. त्यानंतर गाण्यांच्या फायली सर्वत्र चालतील अशा रीतीने विकणे शक्य झाले. आरंभी ही विक्री फ्लॉपी डिस्कवर होत असे. पुढे सीडी आणि पेन ड्राइव्ह आले. आता फायली बहुधा इंटरनेटवरूनच मिळतात.

भारतात १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने परदेशी वाद्ये मिळणे सुकर झाले. भारतीय ग्राहकांसाठी कंपन्यांनी पुढे वेगळी मॉडेल काढली. यामाहाच्या ‘पीएसआर-आय’ मालिकेतील आणि कॅसिओच्या ‘आयएन’ अशी अक्षरे जोडलेल्या मॉडेलांत तबला, ढोलक, सतार, हार्मोनियम इत्यादींचे आवाज आणि भारतीय ठेके अंतर्भूत आहेत.

स्टाइलची रचना

स्टाइल अनेक भागांची मिळून बनते. आरंभीच्या भागाला ‘इंट्रो’, मुख्य आवर्तनाला ‘मेन’ किंवा ‘व्हेरिएशन’, दोन भागांना जोडणाऱ्या छोट्या तुकड्याला ‘फिल-इन’, क्षणिक विरामाला ‘ब्रेक’ आणि समारोपाला ‘एंडिंग’ म्हणतात. मध्यम व उच्च श्रेणीच्या वाद्यांत साधारणपणे चार मुख्य प्रकार असतात. गाण्याचा मुखडा, अंतरा आणि वाद्यांचा मधला तुकडा यांसाठी वादक ते आलटून पालटून वापरतो.

प्रत्येक भागात एकाच वेळी अनेक वाद्ये वाजतात. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ धारा असतात : तालवाद्यांच्या दोन, बेसची एक, स्वरसमूहांच्या दोन, दीर्घ स्वरांची एक आणि स्वरवाक्यांच्या दोन. कॉर्गच्या स्टाइलमध्येही ड्रम, पर्कशन, बेस आणि पाच साथधारा अशा आठ धारा असतात.

स्टाइल एका मूळ स्वरसमूहात नोंदलेली असते. वादकाने डाव्या हाताने दुसरा स्वरसमूह धरला की कीबोर्ड त्या नोंदीतील स्वर नियमांनुसार हलवितो. मूळ नोंद ‘सी’ या आधारस्वरावर असेल आणि वादकाने ‘एफ’ धरला, तर स्वर पाच अर्धस्वरांनी सरकतात. मेजरऐवजी मायनर धरल्यास शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो. तालवाद्यांच्या धारेला मात्र हा नियम लागू होत नाही, अन्यथा एका वाद्याच्या जागी भलतेच वाद्य वाजेल. हे नियम स्टाइलच्या फाइलमध्येच लिहिलेले असतात. ते चुकीचे लिहिले गेले असल्यास ‘सी’ धरल्यावर उत्तम वाजणारी स्टाइल इतर स्वरसमूहांवर बेसूर होते.

गाण्याच्या फाइलची रचना

प्रमाणित मिडी फाइलमध्ये १६ वाहिन्या असतात आणि जनरल मिडीनुसार दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखीव असते. इतर वाहिन्यांवर बेस, गिटार, व्हायोलिन, बासरी इत्यादींच्या सूचना असतात. मुख्य चाल बहुधा एका स्वतंत्र वाहिनीवर ठेवलेली असते. गायक असल्यास ती वाहिनी बंद करता येते. सराव करताना ती सुरू ठेवता येते. काही फायलींत गीताचे शब्दही असतात आणि ते वाद्याच्या पडद्यावर दिसतात.

मिडी फाइलचा मोठा लाभ म्हणजे पट्टी आणि लय सहज बदलता येते. मूळ गाणे काळी एक म्हणजे ‘सी शार्प’ या पट्टीत असेल आणि गायिकेची पट्टी काळी चार म्हणजे ‘जी शार्प’ असेल, तर फाइल सात अर्धस्वर वर किंवा पाच अर्धस्वर खाली नेता येते. आवाजाची प्रत त्याने फारशी बिघडत नाही. ध्वनिमुद्रित ट्रॅक इतका हलविल्यास त्यातील वाद्ये कृत्रिम ऐकू येऊ लागतात. गाण्याच्या फाइलची मर्यादा अशी की तिचा क्रम ठरलेला असतो. श्रोत्यांनी एखाद्या ओळीला ‘वन्स मोअर’ दिल्यास स्टाइलवर वाजविणारा वादक लगेच मागे येऊ शकतो. फाइलवर गाणाऱ्याला तिच्याबरोबरच पुढे जावे लागते.

भारतीय ताल आणि स्टाइल

जनरल मिडीच्या १२८ आवाजांत सतार १०५ व्या आणि सनई ११२ व्या क्रमांकावर आहे. तबला, ढोलकी आणि हार्मोनियम यांना त्या यादीत स्थान नाही. हार्मोनियमला सर्वांत जवळचा आवाज २१ वा म्हणजे ‘रीड ऑर्गन’ हा होय. तालवाद्यांच्या यादीत बोंगो, कोंगा व टॅम्बोरिन आहेत, परंतु भारतीय तालवाद्ये नाहीत. त्यामुळे मराठी किंवा हिंदी गाण्यांच्या फायली तयार करणाऱ्यास विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट मॉडेलमधील तबल्याचा संच वापरावा लागतो. तीच फाइल दुसऱ्या वाद्यावर लावल्यास तबल्याच्या बोलांच्या जागी पाश्चात्त्य ड्रमचे तुकडे ऐकू येतात. फाइल सदोष नसते. वाद्याकडे तो आवाजच नसतो.

भारतीय ताल पाश्चात्त्य मात्रापद्धतीत बसविताना साधारणपणे पुढील रूपे वापरली जातात :

• दादरा (६ मात्रा) : ६/८
• रूपक (७ मात्रा) : ७/८ किंवा ७/४
• केरवा, धुमाळी व भजनी ठेका (८ मात्रा) : ४/४
• झपताल (१० मात्रा) : ५/४
• दीपचंदी (१४ मात्रा) : ७/४
• त्रिताल (१६ मात्रा) : ४/४

मात्रांची बेरीज जुळली म्हणजे ताल जुळला असे होत नाही. तालात भरी आणि खाली असे विभाग असतात. दादऱ्यात ‘धा धी ना’ या पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा असतो आणि ‘धा ती ना’ या उत्तरार्धात तो कमी होतो. रूपकात तर समेवरच खाली येते. पाश्चात्त्य पद्धतीची सवय असलेला रचनाकार प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर जड बेस ड्रम ठेवतो; रूपकात तसे केल्यास तालाचे रूपच पालटते. डग्ग्यावरील घसीट, लग्गीतील बोलांचे किंचित मागेपुढे होणे आणि तिहाई घेऊन समेवर येणे, या गोष्टी चांगल्या स्टाइलमध्ये काळजीपूर्वक नोंदलेल्या असतात. सर्व बोल यंत्राच्या मापात अगदी समान अंतरावर ठेवले, तर ठेका निर्जीव वाटतो.

स्वरसमूहांचाही प्रश्न असतो. रागावर आधारित चाल किंवा पारंपरिक अभंग यांना मेजर-मायनर स्वरसमूहांची साथ सर्वत्र मानवत नाही. बऱ्याच कीबोर्डांवर केवळ षड्ज व पंचम धरण्याची सोय असते. असे केल्यास साथीतून गंधार वगळला जातो आणि तंबोऱ्यासारखा आधार मिळतो. ज्या स्टाइल या दोन स्वरांच्या साथीवरही नीट वाजतात, त्या भजनासाठी अधिक उपयुक्त ठरतात.

खरेदीचे मार्ग

फायली प्रामुख्याने तीन मार्गांनी विकत मिळतात. पहिला मार्ग वाद्य बनविणाऱ्या कंपनीचा. कंपन्या आपल्या मॉडेलांसाठी अतिरिक्त आवाज व स्टाइल यांचे संच पुरवितात. त्यांना ‘एक्स्पान्शन पॅक’ म्हणतात. काही संच विकत घेणाऱ्याच्या वाद्याच्या ओळख क्रमांकाशी बांधलेले असतात आणि दुसऱ्या वाद्यावर चालत नाहीत. जुना कीबोर्ड विकून नवा घेणाऱ्यास याचा विचार करावा लागतो.

दुसरा मार्ग स्वतंत्र रचनाकारांचा. हे बहुधा स्वतः वादक असतात आणि एका विशिष्ट मॉडेलसाठी मराठी, हिंदी चित्रपटगीते, भक्तिगीते, लावणी, कोळीगीते, भीमगीते अशा वर्गवारीने संच तयार करतात. गाण्याच्या मागणीप्रमाणे फाइल बनवून देण्याचे कामही ते करतात. तिसरा मार्ग वाद्यांच्या दुकानांचा. तेथे कीबोर्ड घेताना पेन ड्राइव्हवर फायली भरून देण्याची पद्धत आहे. अशा एकगठ्ठा भरलेल्या फायलींचा मूळ रचनाकार कोण आणि त्या विकण्याचा अधिकार कोणाला, हे ग्राहकाला सहसा कळत नाही.

वाद्याशी जुळणी

प्रत्येक कंपनीचे स्टाइलचे स्वरूप वेगळे आहे. यामाहाच्या स्टाइल ‘एसटीवाय’ या विस्तारनामाने ओळखल्या जातात. कॉर्गच्या स्टाइलनाही हेच विस्तारनाम आहे, पण अंतर्गत रचना भिन्न असल्याने एकीची फाइल दुसरीवर चालत नाही. कॅसिओचे ठेके ‘एसी७’ या स्वरूपात असतात. एका कंपनीची स्टाइल दुसरीच्या स्वरूपात बदलणारे संगणकीय कार्यक्रम आहेत, तरी रूपांतरानंतर आवाज व त्यांची पातळी हाताने दुरुस्त करावी लागते.

एकाच कंपनीतही जुने-नवे असा भेद असतो. यामाहाच्या नव्या वाद्यांसाठी केलेल्या सुधारित स्वरूपाच्या स्टाइल जुन्या वाद्यांना वाचता येत नाहीत. उच्च श्रेणीच्या यामाहा वाद्यांत ‘मेगा व्हॉइस’ नावाचे आवाज असतात. त्यांत एकच पट्टी किती जोराने दाबली यावरून गिटारची साधी तार, दाबलेली तार किंवा बोटांचा घर्षणध्वनी निघतो. अशी स्टाइल साध्या वाद्यावर लावल्यास गिटारच्या जागी विसंगत स्वर ऐकू येतात.

फाइल वाद्यात नेण्याचीही अडचण येते. काही स्वस्त कीबोर्डांना केवळ संगणकाशी जोडण्याचे यूएसबी छिद्र असते. पेन ड्राइव्ह लावण्याचे वेगळे छिद्र नसते. अशा वाद्यात फाइल संगणकाच्या मदतीनेच भरावी लागते. प्रवेशस्तरावरील वाद्यांत बाहेरच्या स्टाइलसाठी मोजक्याच जागा राखलेल्या असतात, त्यामुळे शेकडो स्टाइलचा संच घेऊनही एका वेळी थोड्याच वापरता येतात. बऱ्याच वाद्यांना पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ या पद्धतीने तयार केलेला लागतो.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

१. संच कोणत्या कंपनीच्या, नेमक्या कोणत्या मॉडेलसाठी केला आहे. ‘सर्व कीबोर्डांवर चालतो’ असा दावा गाण्यांच्या मिडी फायलींबाबत अंशतः खरा असू शकतो. स्टाइलबाबत तो खरा नसतो.

२. संचासोबत वेगळे आवाज भरावे लागतात का, आणि वाद्यात तेवढी स्मृती आहे का.

३. नमुना कोणत्या वाद्यावर वाजविलेला आहे. जाहिरातीतील चित्रफीत महागड्या वाद्यावर केलेली असल्यास साध्या वाद्यावर तसा परिणाम मिळत नाही.

४. एक-दोन नमुना फायली आधी मिळतात का. त्या निदान चार वेगवेगळ्या स्वरसमूहांवर, संथ व द्रुत अशा दोन्ही लयींत वाजवून पाहणे आवश्यक असते.

५. तालाची खाली स्पष्ट ऐकू येते का, आणि फिल-इन नंतर ठेका समेवर नीट परततो का.

६. संचातील स्टाइलची संख्या आणि त्यांतील खरोखर भिन्न स्टाइल किती. एकच ठेका निरनिराळ्या गाण्यांच्या नावांनी पुन्हा दिलेला असू शकतो.

७. फाइल बिघडल्यास किंवा हरवल्यास पुन्हा मिळेल का, आणि पैसे परत मिळण्याची अट काय.

८. विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि पावती मिळते का.

ऑनलाइन विक्रेत्याने आपली ओळख आणि परताव्याच्या अटी स्पष्ट सांगणे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये बंधनकारक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. त्याउपर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

वऱ्हाडातील वापर

अमरावती व अकोला जिल्ह्यांचा समावेश असलेल्या वऱ्हाडात सामूहिक भजनाची परंपरा बळकट आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरी वाजवून भजने म्हणत. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात असलेला गुरुकुंज मोझरी येथील आश्रम हे त्यांच्या कार्याचे केंद्र होय. त्यांच्या परंपरेतील भजनांत हार्मोनियम, तबला, खंजिरी आणि टाळ ही मुख्य वाद्ये असतात. या भजनांसाठी कीबोर्ड वापरताना खंजिरीचा प्रश्न येतो. जनरल मिडीच्या तालवाद्यांत तिच्या जवळचे वाद्य टॅम्बोरिन हे आहे. त्यात झांजांचा आवाज मिळतो, पण चामड्यावरील बोटांचे बोल मिळत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी स्टाइलमधील तालधारा बंद ठेवून केवळ स्वरधारा वाजविणे आणि खंजिरी प्रत्यक्ष वाजविणे अधिक श्रेयस्कर ठरते.

विदर्भातील मिरवणुकांत कीबोर्डचे आणखी एक रूप आढळते. नागपूर परिसर आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘धुमाळ’ या वाद्यमेळात वाहनावर बसविलेले कीबोर्ड आणि ऑक्टापॅड यांच्या जोडीला चामड्याची तालवाद्ये असतात. तेथे ताल माणसे वाजवितात व कीबोर्डवर चाल वाजते. त्यामुळे स्टाइलपेक्षा टोनच्या फायलींना महत्त्व येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत ढोलकी व ऑक्टापॅडबरोबर कीबोर्ड असतो. गणेशोत्सव व नवरात्रातील ऑर्केस्ट्रांत मात्र गाण्यांच्या फायली आणि ट्रॅक यांचा वापर अधिक होतो.

धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर लोहमार्गावर, बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यान आहे. याच जिल्ह्यातील धामणगाव गढीपासून ते वेगळे ओळखावे म्हणून नावात ‘रेल्वे’ हा शब्द जोडलेला आहे. अशा तालुक्याच्या गावांतील वादकांना नव्या फायलींसाठी पूर्वी अमरावती किंवा नागपूरच्या बाजारपेठेवर अवलंबून राहावे लागे. फायली मोबाइलवर मिळू लागल्यावर आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने पैसे देणे सोपे झाल्यावर हे अंतर उरले नाही. त्याबरोबर दुकानात उभे राहून आपल्याच मॉडेलवर फाइल वाजवून पाहण्याची सोयही गेली. पैसे आधी व परीक्षा नंतर असा क्रम झाल्याने नमुना फाइल मागून घेण्याला लहान गावांतील ग्राहकांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे.

कायदेशीर बाजू

भारतात या विषयाला कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू होतो. एका गाण्यात सामान्यतः तीन स्वतंत्र हक्क असतात : गीताच्या शब्दांचा, संगीतरचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. मिडी फाइलमध्ये मूळ ध्वनिमुद्रण नसते, परंतु संगीतरचना असते. पडद्यावर शब्द दिसत असतील तर गीतही असते. त्यामुळे अशी फाइल बनवून विकण्यास संबंधित हक्कधारकांची परवानगी लागते. ग्राहकाने फाइलचे पैसे दिले म्हणून त्याला त्या गाण्याचे हक्क मिळत नाहीत. दादरा, केरवा, भजनी ठेका यांसारख्या पारंपरिक ठेक्यांवर कोणाचीही मालकी नाही. मात्र रचनाकाराने स्वतः रचलेली स्टाइलची फाइल ही त्याच्या श्रमाची कृती असते, आणि ती त्याच्या संमतीविना नकलून विकणे वादाचे कारण होऊ शकते.

कवी व संगीतकार यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतींचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. या नियमानुसार संत तुकारामांचे अभंग सर्वांसाठी खुले आहेत, पण विसाव्या शतकातील संगीतकाराने त्यांना दिलेली चाल खुली असेलच असे नाही. तुकडोजी महाराजांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत टिकतो. अमरावती येथे जन्मलेले गझलकार सुरेश भट यांचे निधन २००३ मध्ये झाले. त्यांच्या अशा रचनांसाठी ही मुदत २०६३ च्या अखेरीपर्यंत आहे.

कार्यक्रमात गाणे सादर करण्याचा हक्क वेगळा मानला जातो. गीतकार व संगीतकारांच्या वतीने असे परवाने देणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात केलेले सादरीकरण उल्लंघन ठरत नाही, आणि या सवलतीत लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभ येतात. शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात कर्मचारी व विद्यार्थ्यांनी केलेले सादरीकरण, प्रेक्षक विद्यार्थी, पालक, कर्मचारी आणि संस्थेशी निगडित व्यक्ती यांपुरते मर्यादित असल्यास सवलतीस पात्र असते. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या सादरीकरणालाही सवलत आहे. तिकीट लावलेल्या ऑर्केस्ट्राला या सवलती सामान्यतः लागू होत नाहीत.

या सवलती सादरीकरणापुरत्या आहेत. फायलींच्या प्रती काढून विकणे त्यांत बसत नाही. हेतुपुरस्सर केलेल्या उल्लंघनास कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. उल्लंघन व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

साथीदारांवरील परिणाम

स्टाइल व गाण्यांच्या फायलींमुळे एक गायक आणि एक कीबोर्डवादक एवढ्यावरही कार्यक्रम होऊ शकतो. कमी खर्चात कार्यक्रम करू पाहणाऱ्या मंडळांना व शाळांना याचा लाभ झाला. साथीदार नसताना घरी सराव करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठेका व बेसची साथ मिळाली. दुसऱ्या बाजूने तबला, ढोलकी, बेस गिटार व व्हायोलिन वाजविणाऱ्यांची ऑर्केस्ट्रातील कामे कमी झाली. जो ठेका फाइलमधून मिळतो त्यासाठी वादकाला बोलावण्याची गरज आयोजकाला वाटत नाही.

चांगल्या भारतीय स्टाइल मात्र या वादकांच्या ज्ञानावरच उभ्या आहेत. तबल्याचा आवाज कीबोर्डमध्ये भरण्यासाठी प्रत्येक बोल कोणीतरी प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. ठेक्यातील वजन, लग्गी आणि तिहाई हे बारकावे तालाच्या जाणकाराकडूनच फाइलमध्ये येतात. कॉपीराइट अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकारांच्या सादरीकरणाच्या हक्कांना प्रथम स्थान देण्यात आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांत भर घातली. अधिकृत विक्रेत्याकडून फाइल घेतल्यास रचनाकाराला मोबदला मिळतो आणि नव्या ठेक्यांचे काम चालू राहते. फुकट नकललेल्या संचातून तो मिळत नाही.

मर्यादा

स्टाइल गायकाचे ऐकत नाही. गायकाने आलाप लांबविला किंवा ओळ उशिरा उचलली, तर तबलावादक ठेका सांभाळून त्याची वाट पाहतो. स्टाइल ठरलेल्या लयीने पुढे जाते व तिला थांबविण्याचे काम कीबोर्डवादकाला करावे लागते. वीजपुरवठा खंडित झाल्यास संपूर्ण साथ एकदम बंद पडते. फायली एकाच पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या असतील आणि तो बिघडला तर कार्यक्रम अडतो. म्हणून व्यावसायिक वादक फायलींची दुसरी प्रत जवळ बाळगतात आणि काही गाणी फाइलविना वाजविण्याची तयारी ठेवतात.

हेही पाहा

• मिडी
• हार्मोनियम
• ताल
• खंजिरी
• ऑर्केस्ट्रा
• धामणगाव रेल्वे
• कॉपीराइट अधिनियम, १९५७